नवा बूट चावतोच

सकाळी पळायला सुरुवात करण्याआधी विमल मैदानाला एक पूर्ण फेरी अनवाणी चालत मारायची. मान खाली नसायची. समोर बघत चालायची आणि मध्येच थांबून, न बघताच, पायाच्या बोटांनी एखादा खडा उचलायची. सराटे, बाभळीचे काटे, फुटक्या बाटलीची काच, जे सापडेल ते ओढणीच्या टोकात बांधायची आणि कुंपणाच्या भिंतीवर नेऊन ठेवायची. मी तिला पहिल्यांदा पाहिलं ते असंच. मला वाटलं, हिचं काहीतरी हरवलं आहे. मी शोधायला मदत करू का म्हणून विचारलं, तर म्हणाली, "काय बी हरपनं नई. पायले बी डोया ऱ्हातस. त्या उघडी ऱ्हायनू."

पायालाही डोळे असतात, ते उघडते आहे, असं ती म्हणाली होती. ती साक्रीकडच्या एका लहान गावाची, बोलणं सगळं अहिराणी. मी नशिराबादची. जळगावच्या कॉलेजच्या वसतिगृहात आम्ही एका खोलीत आलो तेव्हा नव्वद साल उलटून एखाद-दोन वर्षं झाली असतील. आमच्या दोघींच्याही घरात कॉलेजात गेलेलं आधी कोणी नव्हतं. पण नशिराबाद पडलं हमरस्त्यावर, जळगावच्या अगदी जवळ, त्यामुळे विमलच्या लेखी मी शहरातली होते. बँकेचा फॉर्म कसा भरायचा, रेक्टरबाईंशी काय बोलायचं, कुठल्याही गोष्टीला ती म्हणायची, "तू शहरनी शे, तुले माहीत ऱ्हाई." पुष्कळदा मलाही माहीत नसायचं. पण मी काहीतरी सांगायची, आणि बहुतेक वेळा ते निभावून जायचं. नाही म्हणण्याची मला भीती वाटे. नाही म्हटलं तर आपण जिथून आलो तिथेच परत जाऊ, असं काहीतरी वाटे.

वसतिगृहातल्या सगळ्या मुलींचे काटे विमल काढायची. पाय मांडीवर घ्यायची, सुई पुसायची आणि कामाला लागायची. एकदा एक भुसावळची मुलगी सुई टेकायच्या आधीच ओरडायला लागली. विमल तिला शांतपणे म्हणाली, "सुई आजून मना हातमा शे, तुना पायमा नई. कसाले बोंबलस?" ती मुलगी हसायला लागली आणि तेवढ्यात काटा निघालासुद्धा.

विमल आठशे मीटर पळायची. कॉलेजात तिच्या जवळपास कोणी नव्हतं. तिचे वडील, त्यांना ती नाना म्हणे, त्यांनी तिला दोन वर्षं दिली होती. विद्यापीठाच्या संघात निवड झाली, तर पोलीस भरतीत खेळाडूंच्या जागेसाठी अर्ज करता येणार होता. नोकरी लागली तर लागली, नाहीतर घरी यायचं, असं ठरलेलं होतं. नाना महिन्यातून एकदा शेंगा घेऊन यायचे, फाटकाशी उभे राहायचे आणि विचारायचे, "पयस ना?" ती म्हणायची, "पयस." पळतेस ना, पळते, एवढंच त्यांचं बोलणं.

निवडीची स्पर्धा धुळ्याला होती. आमच्या क्रीडाशिक्षकांनी सांगितलं, तिथे सगळ्या मुली खिळ्यांचे बूट घालून पळतील, तू अनवाणी पळालीस तर वळणावर मागे पडशील. म्हणून त्यांच्याबरोबर जाऊन तिने बाजारातल्या एका दुकानातून बूट आणले. ते तिच्या आयुष्यातले पहिले बूट. वर्तमानपत्रात गुंडाळून उशाशी ठेवायची. तिसऱ्या दिवशी मला म्हणाली, "उजव्यामा काही तरी टोचस." सर तेव्हा शिबिराला गेले होते. म्हणून मी तिच्याबरोबर दुकानात गेले.

ते दुकान मला अजून तसंच दिसतं. छताला बॅडमिंटनच्या रॅकेटी टांगलेल्या, काचेच्या कपाटात चषक. विमलने चपला बाहेर काढल्या. बुटाच्या दुकानात कोणी चपला बाहेर काढत नाही, हे तिला कळलं, पण तोवर ती आत आली होती. शेठ गल्ल्यावर बसले होते. शेजारी आमच्याच वयाच्या दोन मुली पांढरे बूट घालून बघत होत्या.

विमल जपून जपून शुद्ध बोलली. "शेठजी, आत काहीतरी टोचतंय. अंगठ्याच्या मागे."

शेठनी बूट घेतला, वाकवला, तळाला बाहेरून अंगठा दाबला आणि काउंटरवर ठेवला. "पहिल्यांदाच बूट घालताय?"

"हो."

"मग बरोबर आहे. नवा बूट चावतोच. खोबरेल लावा. आठ दिवसांत लोण्यासारखा होईल."

"चावत नाही. टोचतं. आत हात घालून बघा ना."

"वीस वर्षं बूट विकतोय मी," शेठ म्हणाले आणि माझ्याकडे वळले. "ताई, तुम्ही सांगा यांना. तुम्ही घातले असतील ना शाळेत?"

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकले. सातवीपर्यंत पायात चप्पलसुद्धा रोज नसे. त्या दोन मुली माझ्याकडे बघत होत्या. मी म्हटलं, "हो. माझेही चावले होते. नंतर सवय होते."

ते मी इतक्या सहज बोलले, की मलाही क्षणभर खरं वाटलं. विमलने माझ्याकडे पाहिलं, मान हलवली आणि बूट उचलला. बाहेर येऊन चपला घालताना म्हणाली, "मंग ठीक शे. तुले चावनात तर माले बी चावतीन."

पुढचे दहा दिवस ती बुटाला आतून खोबरेल लावत होती. टोचायचं तिथे कापसाची घडी ठेवत होती. एकदा विचारलं, "तुले किती दिन चावं व्हतं व?" मी म्हटलं, "पंधरा." असा आकडासुद्धा मी सांगितला.

धुळ्याच्या मैदानावर मी पाण्याची बाटली घेऊन दोरीपाशी उभी होते. पहिल्या फेरीत विमल सगळ्यांच्या पुढे होती. दुसऱ्या फेरीत वळणावर तिचा उजवा पाय वाकडा पडायला लागला, पावलाच्या बाहेरच्या कडेवर. ती थांबली नाही. तिसरी आली. निवड पहिल्या दोघींची होती. सरांनी बूट काढला तेव्हा मोजा ओला लाल झाला होता. आतली लोखंडी चकती, जिच्यात खिळा बसवतात, ती अस्तर फाडून वर आली होती.

जखम चिघळली. जळगावला आल्यावर सिव्हिल हॉस्पिटलात चीर द्यावी लागली. तीन आठवडे ती तिथे होती. नाना खाटेशी बसून असत. एक दिवस त्यांनी विचारलं, "टोचत व्हतं ते आधी कसाले नई सांगं?"

"सांगं व्हतं, नाना."

"कोनले?"

"दुकानवालाले."

नाना उठले आणि पत्ता विचारत दुकानात गेले. तासाभराने परत आले. "तो म्हनस, कोनी बी उनं नई," एवढंच बोलले. दुकानात कोणी आलंच नव्हतं म्हणे. मी म्हटलं, "नाना, मी होते हिच्यासोबत." त्यांनी माझ्याकडे प्रेमानेच पाहिलं. "तू तिनी मैतरीन शे, बेटा. तू तेच सांगशी." त्यांच्या मनाने घेतलं होतं की पोरीने पळण्याच्या नादात दुखणं लपवलं. आपल्यापासून लपवलं. विमल भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. स्पर्धा हरल्यावरही तिला असं पडलेलं मी पाहिलं नव्हतं.

चालता यायला लागल्यावर पहिल्यांदा ती दुकानात गेली. पायाला पट्टी, हातात तो बूट. शेठ म्हणाले, "वापरलेला माल परत घेत नाही. बिलावर छापलंय."

"परत घेऊ नका. मी आले होते, एवढं माझ्या वडिलांना सांगा."

"रोज इतकी गिऱ्हाईकं येतात. कोणाकोणाला लक्षात ठेवू?"

"ही होती सोबत."

"असेल. मला आठवत नाही." आणि ते एका मुलाला बॅट दाखवायला लागले. बसायला बाक होता, पण तो बूट घालून बघणाऱ्यांसाठी होता. विमल एका पायावर भार देऊन अर्धा तास उभी राहिली. मी म्हटलं, चल. ती म्हणाली, "थांब. त्याले आठवू दे." त्यांना आठवलं नाही.

अर्थशास्त्राच्या बाईंनी आम्हाला ग्राहक मंचाची माहिती दिली. साध्या कागदावर तक्रार लिहिता येते, वकील लागत नाही. विमल सांगायची, मी शुद्ध करून लिहायची. मागणी काय, असं लिहायची वेळ आली तेव्हा तिने माझा हात धरून थांबवला. मग म्हणाली, "लिख, ही पोर दुकानमा उनी व्हती आनि तिनी सांगं व्हतं, हाई त्यानी मानाले पाह्यजे." बाईंनी त्याखाली नुकसानभरपाईचं वाक्य घातलं. विमलला त्यात फारसा रस नव्हता.

दुकानदाराचं लेखी उत्तर आलं, स्पर्धेआधी तक्रारदार दुकानात आलीच नाही. म्हणून माझं प्रतिज्ञापत्र लागणार होतं. मी ते चांगल्या अक्षरात लिहिलं. आम्ही दोघी गेलो होतो, विमलने टोचतं म्हणून सांगितलं, शेठनी आत हात न घालता खोबरेल लावायला सांगितलं. सगळं खरं होतं. विमलने कागद हातात घेतला आणि ओळीखाली बोट धरून सावकाश वाचला. पुन्हा वाचला.

"यामा तू नई शे," ती म्हणाली.

"आहे की. सोबत गेले होते, असं लिहिलंय."

"तू बोलनी ते नई शे."

मी तिला समजावलं. ते लिहिलं तर त्यांचा वकील त्याचाच फायदा घेईल, मैत्रिणीनेच सल्ला दिला म्हणेल. आणि मग पहिल्यांदाच मी तिला सांगितलं, की मी कधी बूट घातलेच नव्हते. सांगताना मी तिच्याकडे बघत नव्हते. ती ओरडेल असं वाटलं होतं. तिने कागदाची घडी केली, उघडली. नंतर म्हणाली, "पुष्पा, त्यानं मी ऐकंच नई. मी तुनं ऐकं. ते लिखं नई, तर मी येडी ठरस. टोचत व्हतं तरी पयनी, अशी येडी."

आवाज तिने चढवला नव्हता. तो चढवला असता तर बरं झालं असतं. मी नवीन कागद घेतला.

मंचासमोर शेठच्या वकिलांनी मला तेच विचारलं. "म्हणजे दुकानदार म्हणाले तेच तुम्हीही म्हणालात. अनुभवावरून?"

"नाही. मी बूट कधी घातले नव्हते."

मंचावर एक बाई होत्या. त्यांनी विचारलं, "मग का म्हणालात?"

"लाज वाटली," मी म्हटलं. मागच्या बाकावर नाना बसले होते. त्यांच्याकडे वळून बघायचा मला धीर झाला नाही. त्या बाईंनी समोरचा बूट ओढून घेतला, आत हात घातला, बोट फिरवलं आणि चटकन बाहेर काढलं. शेठ खाली बघत होते.

निकाल यायला वर्ष गेलं. तोवर विमल गावीच होती. अंगठा नीट वाकत नव्हता, भरतीची तारीख कधीच उलटून गेली होती, कॉलेजातलं नाव कमी झालं होतं. निकालाच्या दिवशी ती आणि नाना साक्रीहून एसटीने आले. बुटाची किंमत परत द्यावी, असं मंचाने म्हटलं होतं. जखमेची भरपाई नाकारली होती, कारण त्रास होत असूनही तिने बूट वापरला आणि सोबतच्या मैत्रिणीनेही तसाच सल्ला दिला. मी लिहिलेल्याचा तेवढा उपयोग शेठना झाला. पण त्याआधी एक वाक्य होतं. तक्रारदार स्पर्धेपूर्वी दुकानात गेली होती व तिने दोष सांगितला होता, हे साक्षीवरून सिद्ध होते.

बसस्टँडच्या बाकावर बसून नानांनी ते वाक्य मला दोनदा वाचायला लावलं. दुसऱ्यांदा वाचून झाल्यावर ते विमलकडे बघून म्हणाले, "तू सांगं व्हतं."

"सांगं व्हतं, नाना."

नानांनी टोपी काढली, मांडीवर ठेवली, पुन्हा घातली. मग चहा आणायला गेले. तीन कप आणले. तिसरा माझ्यापुढे धरला.

मी विमलला म्हटलं, "माझ्यामुळे गेलं सगळं." ती चहा फुंकत राहिली. नाही म्हणाली नाही. तसं ती खोटं म्हणाली असती तर मला बरं वाटलं असतं. साक्रीची गाडी लागली. नाना पुढे चढले. पायरीवर पाय ठेवताना तिने दांडा धरला, उजवा पाय आधी वर घेतला आणि मागे वळली. तिच्या चेहऱ्यावर पूर्वीसारखं थोडं हसू होतं.

"पुष्पा, आते तरी बूट घाली पाह्य. चावस का नई, ते माले लिखी धाड."

नंतर आमची भेट झाली नाही. तिचं लग्न झालं, पिंपळनेरजवळ कुठेतरी दिली, एवढं कानावर आलं.

कॉलेजच्या शेवटच्या वर्षी मी शिकवण्या करून साठवलेल्या पैशांतून कापडी बूट घेतले. दुकानात आत हात घालून, बोट फिरवून पाहिलं. विकणारा माणूस थांबून बघत राहिला. वसतिगृहापर्यंत मी ते घालूनच आले. दुसऱ्या दिवशी घातले, आठवडाभर घातले. कुठेही टोचलं नाही, कुठेही चावलं नाही. पहिल्या दिवसापासून ते मऊ होते.

तिने लिहून पाठव म्हटलं होतं, म्हणून विमलच्या नावाने, नानांच्या पत्त्यावर पाठवायला मी पोस्टकार्ड घेतलं. नवा बूट चावत नाही, त्यावर एवढीच ओळ लिहायची होती. ती लिहायला मला आठ दिवस लागले.