पाला घालायची वेळ

दादा माझ्या लग्नात जेवायलाही थांबला नव्हता.

अक्षता टाकल्या आणि निघाला. नवरीकडचे विचारत होते, थोरले रुसले काय?

रुसला नव्हता. किड्यांना पाला घालायची वेळ झाली होती.

काल दुपारी तो हिनकलच्या घरी वारला.

दादा इथल्या म्हैसूर युनिव्हर्सिटीत रेशीमकिड्यांवर रिसर्च करायचा. मीही तिथेच होतो, परीक्षा विभागात.

केवढी मोठी युनिव्हर्सिटी. कितीतरी डिपार्टमेंट्स, हॉस्टेलं, लायब्ररी, परदेशातून आलेली मुलं. पाहुणे आले की मी सगळं फिरवून दाखवायचो.

दादा एकच खोली दाखवायचा. तीही दारातून.

तिथे जुन्या जातींचे किडे होते. एका हंगामात पाळले नाहीत तर ती जात संपते, एवढं मला समजलं होतं.

त्यांना धूर चालत नाही, वास चालत नाही. म्हणून उदबत्त्यांच्या म्हैसूरात राहूनही आमच्या देवापुढे उदबत्ती नसायची.

दादा रिटायर झाल्यावर त्याची जागा रिकामीच राहिली. तो रोज त्या खोलीत जात राहिला.

अंथरुणाला खिळला तेव्हापासून त्याची विद्यार्थिनी मंजुळा सगळं बघते. वरुणा गावाहून बसने येते. तिची पीएचडीही आता संपत आली.

शेवटी शेवटी दादा एकच विचारायचा, तिच्यानंतर कोण?



काल लष्कर मोहल्ल्यातले नातेवाईक आले. दादाच्या उशाशी उदबत्त्या लावल्या. आम्ही कुणी अडवलं नाही.

मंजुळा आली ती फाटकाशीच उभी राहिली. आत येईना.

आत्या चिडली. गुरूचं तोंड शेवटचं बघायला नको काय, म्हणाली.

वहिनी बाहेर गेली. मंजुळा रडत होती. कन्नडमध्ये एवढंच म्हणाली,

"अम्मा, आत आले तर अंगाला धुराचा वास लागेल. अळ्या आत्ताच कात टाकून उठल्यात. भुकेल्या आहेत."

वहिनीने तिला जवळ घ्यायला हात पुढे केला, आणि तसाच मागे घेतला.

"तू जा, पुट्टी, जा पोरी. पाला घाल. ह्यांना मी सांगते."

आत येऊन तिने दादाच्या कानाशी वाकून खरंच सांगितलं.

दादा, पुढच्या हंगामाचं मला माहीत नाही. खोटं बोलवत नाही.

पण काल तुझ्या खोलीत कुणी उपाशी राहिलं नाही.

नमस्कार करतो. आता निवांत पड.