भाचीची प्लेट

दातांच्या प्लेटा बनवणाऱ्या त्या छोट्याशा कारखान्यात तिला सगळे पक्कडबाई म्हणत. वीस वर्षं ती पोरांच्या जबड्यांचे पांढरे साचे पुढ्यात घेऊन तारा वळत होती, आणि वळता वळता सगळ्या जगाचा उद्धार करत होती. "घोडं मोठं करून आणतात आणि म्हणे दात सरळ करा! आधी काय डोळे फुटले होते?"

म्हणूनच सात वर्षांच्या भाचीचे पुढचे वरचे दात खालच्या दातांच्या आत मिटतात हे दिसल्याबरोबर तिनं धाकट्या भावाचं डोकं खाल्लं.

"दुधाचे पडले की होईल नीट," तो म्हणाला.

"डोंबल होईल! आत्ता प्लेटवर भागतंय. मोठेपणी जबडा कापायला लागला म्हणजे कळेल!"

डॉक्टरांनीही तेच सांगितलं. मग काय, भाचीच्या प्लेटला तिनं दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. कधी एकदा भावाच्या नाकासमोर नाचवते असं तिला झालं होतं. दुपारचं जेवण सोडून तिनं ती पुरी केली.

दोन महिन्यांनी, तपासणीच्या आदल्या दिवशी, भाऊ मुलीला घेऊन कारखान्यात आला. दात तसूभरही हलले नव्हते. पक्कडबाईनं प्लेटची डबी उघडली. वापरातली प्लेट मळते, तिच्यावर दातांचे ओरखडे उठतात. ही नवी कोरी होती.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "घालतच नाही ही कार्टी! आणि तू काय झोपा काढतोस?"

"अगं ताई, रोज माझ्यासमोर घालते..."

"आणि पाठ वळली की काढते! दोन महिने मातीत घातलेत! ए, उघड तोंड!"

भाचीनं तोंड उघडलं. गालाच्या आत, तारेचं टोक येतं तिथंच, मसुरीएवढी पांढरी जखम होती.

डबीत घालण्याआधी प्रत्येक प्लेटवरून पक्कडबाई कापसाचा बोळा फिरवायची. कापूस अडकला की ते टोक घासायचं. परक्या पोरांच्या बाबतीत हे एकदाही चुकलं नव्हतं. तिनं आत्ता बोळा फिरवला. तारेला कापूस लोंबायला लागला.

"मग बोलली का नाहीस गं?"

"बोलले होते. फोनवर. तू म्हणालीस, नाटकं करू नकोस."

स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावी असं तिला वाटलं. भावानं काही बोलायला तोंड उघडलं, तशी ती त्याच्यावर खेकसली, "गप्प बस, माझंच चुकलंय!" तिनं टोक घासलं, पुन्हा घासलं, बोळा फिरवला आणि प्लेट पुढे केली. "गाल बरा झाला की घाल."

भाचीनं प्लेट घेतली नाही. तिनं आधी हात पुढे करून कापूस मागितला.