नर्सबाईंचे चालते कांदे

नर्सबाई निवृत्त झाल्या त्याच वर्षी त्यांचे यजमान गेले. मागे राहिला परसातला कांद्यांचा वाफा. हे कांदे दरवर्षी लावावे लागत नाहीत. दांड्याच्या शेंड्यावर इवल्या कांद्यांचा झुपका येतो, त्याच्या भाराने दांडा वाकतो आणि झुपका टेकेल तिथे रुजतो. यजमान त्यांना 'चालते कांदे' म्हणत. "भिंतीपर्यंत पोचले की पासपोर्ट काढू यांचा," ही त्यांची नेहमीची थट्टा.

शेजारची शिंपीण नर्सबाईंना पाठच्या बहिणीसारखी. वाफा दाटला की त्या गड्डे उपटून फोडायच्या, चार-दोन तिला द्यायच्या. मधल्या जुन्या गड्ड्याला मात्र हात लावू द्यायच्या नाहीत. तो यजमानांनी लावलेला.

लेकीच्या बाळंतपणाला निघताना परसदाराची किल्ली शिंपिणीकडेच दिली. परतून बघतात तर वाफा उजाड.

"घुशींनी फडशा पाडला हो, ताई!" शिंपीण हुंदके द्यायला लागली. नर्सबाईंनाही रडू फुटलं, पण पाठीवरून हात फिरवून त्यांनीच तिची समजूत घातली.

पुढे शिंपिणीची धाकटी बहीण आजारी पडली. इंजेक्शन द्यायला नर्सबाई तिच्या नव्या घरी गेल्या. खिडकीबाहेर तेच दांडे, तेच झुपके.

"ताईने आणून दिले," बहीण कौतुकाने म्हणाली. "तुम्ही घर सोडून कायमच्या लेकीकडे जाणार, असं म्हणाली ती."

नर्सबाईंनी इंजेक्शन नीट दिलं आणि तडक शिंपिणीचं दार गाठलं.

"घुशी काय गं?"

शिलाई मशीन थांबलं. "कांदेच तर होते, ताई. बहिणीला नव्या घरी काहीतरी द्यायचं होतं."

"मागायचेस."

"जुना गड्डा दिला असतात?"

नसता दिला, हे नर्सबाईंनाही ठाऊक होतं. "नेलेस ते नेलेस. पण वर माझ्याकडूनच समजूत घालून घेतलीस?"

शिंपीण मशीनवरचं कापड सारखं करायला लागली.

बहिणीला कळलं तेव्हा ती ओशाळली. बरी झाल्यावर टोपलीभर गड्डे घेऊन आली.

"यातला जुना कोणता?"

"ओळखू येत नाही हो, नर्सबाई. सगळे एकत्रच लावले होते."

नर्सबाईंनी सगळेच लावले. रुजलेही. शिंपीण अजून भिंतीवरून हाक मारते, "ताई, चहा टाकलाय!"

"झालाय माझा," नर्सबाई म्हणतात, आणि आत जाऊन एकटीपुरतं आधण ठेवतात.