भिरभिरे सरांचा सल्ला

आमचे विज्ञानाचे सर वर्गात कधी बसल्याचं मला आठवत नाही. फळ्यापासून शेवटच्या बाकापर्यंत, तिथून खिडकीशी, खिडकीशी दोन वाक्यं आणि परत फळा. खुर्ची नुसती त्यांचा डबा ठेवायला होती. वरणगावच्या आमच्या शाळेत त्यांचं नाव भिरभिरे सर पडलं होतं, आणि ते त्यांनाही माहीत होतं.

प्रयोगाच्या तासाला ते गट पाडायचे. वायर जोडायची मुलांनी, वहीत निरीक्षणं लिहायची मुलींनी. "पोरींचं अक्षर बघण्यासारखं असतं," असं ते कौतुकानं म्हणत, आणि आम्हीही खूश होत असू. एकदा प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी मुलांनी केलेलं पंपाचं मॉडेल चालेना. मधल्या सुट्टीत मी मोटारीची सुटलेली तार खरवडून पुन्हा जोडली. पाणी वर चढलं. सर शेजारी येऊन बराच वेळ उभे राहिले. चक्क एका जागी. मग म्हणाले, "छान केलंस. आता याची आकृती काढ, तक्त्यावर लावू." प्रदर्शनात मॉडेलजवळ दोन मुलगे उभे होते. मी तक्त्याजवळ.

दहावीनंतर मला इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा करायचा होता. माझे वडील, अण्णा, दारूगोळ्याच्या कारखान्यात कामाला; यंत्रांची त्यांना भीती नव्हती. तरी ते म्हणाले, "सर म्हणतील तसं करू." सर घरी आले आणि अंगणात येरझाऱ्या घालत बोलले, "अण्णा, पोर हुशार आहे, त्यात वाद नाही. पण त्या वर्गात ही एकटी असेल. पुढं वर्कशॉपमध्ये कोण उभं करणार? शिक्षिका करा, मानानं जगेल." त्याच आठवड्यात आमच्या वर्गातल्या सुनीलला, माझ्याहून कमी गुण असताना, त्यांनी स्वतः नेऊन डिप्लोमाला घातलं.

तरी त्यांचा राग करणं अवघड होतं. अकरावी-बारावी दोन्ही वर्षं त्यांनी मला घरी बोलावून भौतिकशास्त्र शिकवलं. पदवीनंतर मी बी.एड.साठी धुळ्याला निघाले तेव्हा ते भुसावळ स्टेशनवर आले. गाडी हलली तसे खिडकीबरोबर चालत म्हणाले, "वर्गात बसून शिकवू नकोस."

मी बसून शिकवत नाही. धुळ्याजवळच्या एका शाळेत मला आता वीस वर्षं होतील. गेल्या वर्षी दहावीच्या निकालानंतर प्रणाली नावाच्या विद्यार्थिनीची आई भेटायला आली. प्रणालीला आयटीआयला इलेक्ट्रिशियनचा कोर्स करायचा होता.

"पोर आयकत नही, मॅडम," आई म्हणाली. "तुम्ही सांगशात तेच करसूत."

माझ्या तोंडून सहज निघालं, "हुशार आहे हो, पण त्या वर्गात एकटी पडेल." बोलता बोलता मला सरांचं वाक्य ओळखू आलं आणि मी थांबले. "दोन दिवसांनी सांगते," म्हणून तिला परत पाठवलं. मग कशातच मन लागेना. सर निवृत्तीनंतर भुसावळला राहत होते. रविवारी सकाळची बस धरून त्यांच्याकडे गेले.

सरांचे गुडघे गेले होते. ते खुर्चीत बसून होते, पण हाताची बोटं सारखी काहीतरी चाळा करत होती. मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मला भीती वाटली होती. तुला काही झालं असतं तर अण्णांनी मलाच विचारलं असतं." आणि मग, "सुनीलला काही झालं असतं तर? हे मात्र तेव्हा मनातसुद्धा आलं नाही."

ते माझ्याकडे वळले.

"त्या बाईंना काय सांगितलंस?"

"अजून काही नाही. उद्या अर्जाची मुदत संपते."

"मग इथं काय करतेस? फोन लाव."

प्रणालीच्या आईनं फोन उचलताच सरांनी तो माझ्या हातातून घेतला. "ताई, मी तुमच्या मॅडमचा मास्तर. पोरीला जाऊ द्या. एकटी पडली तर आम्ही आहोत." मग बराच वेळ ते ऐकत राहिले. "हो, मी सांगतो म्हणून," शेवटी म्हणाले. फोन परत देताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "तेव्हाही एवढंच बोलायला हवं होतं," ते पुटपुटले.

सर त्याच वर्षी दिवाळीआधी वारले. प्रणाली आयटीआयला जाते. तिच्या वर्गात आणखी दोघी आहेत. त्या दिवशी सरांनी विचारलं नाही, तरी मला राग नाही असं मी त्यांना सांगायला हवं होतं. ते खरं झालं असतं का, हे मात्र मला अजून ठरवता येत नाही.