सलीम, एक लांबलचक कविता आणि बांगडे

सलीम गेल्याचं त्याच्या भावाने व्हॉइस मेसेजवर कळवलं. इथे ओमानमध्ये व्हॉट्सअ‍ॅपचे कॉल लागत नाहीत. मी अल मवालेहच्या भाजी मार्केटात कोथिंबीर निवडत होतो. रत्नागिरीला सुट्टीवर गेलेला सलीम झोपेतच गेला होता... मी मेसेज शेवटपर्यंत ऐकला आणि कोथिंबीर घेऊन घरी आलो. दीड महिना झाला. लाज वाटते सांगायला, पण त्याची आठवण आली की मला रडू येत नाही, हसू येतं.

सलीम याच मार्केटात कांद्या-बटाट्याचा व्यापारी, मी एका कंपनीत ड्राफ्ट्समन. कायमचं गावी परतणाऱ्या एका कुटुंबाने अल अमेरातच्या घरातलं सामान विकायला काढलं होतं, तिथे आमची गाठ पडली. तो फ्रिज बघायला आला होता आणि पुस्तक घेऊन निघाला. व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या एका इंग्रज कवीने कुणाच्या तरी मृत्यूवर वर्षानुवर्षं लिहिलेली ती दीर्घ कविता होती. सुरुवातीची पानं फाटलेली. बी.ए.ला इंग्रजी दोघांचंही होतं, तेवढं भांडवल पुरलं. दर शुक्रवारी, तो नमाजाला जाण्याआधी, मार्केटबाहेर माझ्या गाडीत एसी लावून आम्ही एक तुकडा वाचायचो. सलीम उंच, त्यामुळे शेजारची सीट पार मागे सरकवलेली. वाचायचं मी, चहा आणायचा त्याने, आणि पुढचं चोरून बघायचं नाही. ओळ आवडली की तो डोळे मिटून एवढंच म्हणायचा, "परत."

कवी गेलेल्या माणसाला नुसतं 'तू' म्हणत होता, म्हणून कितीतरी शुक्रवार आम्ही ती त्याची प्रेयसी समजत होतो. सलीमने तर ती नाजूक असणार, खोकत असणार, इथपर्यंत ठरवलं होतं. मग एके दिवशी स्पष्टच आलं, गेला तो मित्र होता. सलीमने चहा खाली ठेवला.

"मेल्या, दोस्तासाठी इतकं?"

"मग? तू माझ्यासाठी किती लिहिशील?"

"मी व्यापारी माणूस. चार ओळी. तू?"

"पाच."

"बघा, लगेच भाव वाढवतोय."

कवीचा देवावरचा विश्वास डळमळला होता. शेवटी कवीला तो परत मिळेल असं सलीम म्हणायचा, मी नाही म्हणायचो. मी दिवा लावतो तो बायकोच्या, सुनीताच्या, धाकाने. आमची पैज लागली. मी हरलो तर स्वतःच्या हाताने तिरफळं घालून बांगड्याचं कालवण करायचं. शेवटचा तुकडा उरला आणि तो सुट्टीवर गेला. "आल्यावर वाचू, इन्शाल्ला. चोरून बघू नकोस, दिनू."

पुस्तक गाडीतच राहिलं. उघडवेना. सुनीता म्हणाली, "हरायला घाबरतोस?" नाही, मी जिंकायला घाबरत होतो. सलीम इतक्या निवांतपणे नमाजाला जायचा... तो गेल्यावर कवीने त्याला खोटं पाडलं असतं, तर ते मला सोसलं नसतं.

गेल्या शुक्रवारी गाडी नेहमीच्या जागी लावली आणि मोठ्याने वाचलं. मी पैज हरलो. मला स्वतःला तो विश्वास मिळाला, असं नाही म्हणवत, पण पैज कवीवर होती, माझ्यावर नव्हती. शेवटच्या ओळीनंतर सवयीने थांबलो. शेजारून काही आलं नाही. मग मीच ती परत वाचली आणि बांगडे घ्यायला निघालो.

कालवण बरं झालं, तिरफळं जरा जास्त पडली. संध्याकाळी बाहेर निघालो तेव्हा सुनीता शेजारी बसली. तिचे पाय समोर पोचेनात.

"ही सीट पुढे घेऊ का रे?"

मी काही बोलायच्या आतच तिने चपला काढल्या, मांडी घातली आणि म्हणाली, "असू दे. चल."