काचवाल्या म्याडम आणि माझं अत्तर

शुद्धलेखन चुकेल, आणि अक्षर तर माझं मलाच दुसऱ्या दिवशी लागत नाही. चौथीनंतर पेन धरलं ते सहीपुरतं. ही वही कुणाला दाखवायची नाही, तरी माफी मागून ठेवते.

सोलापुरातल्या ज्या कॉलेजात मी झाडलोट करते, तिथं काचवाल्या म्याडम संशोधन करायच्या. बार्शीच्या. बोटभर काचेची पट्टी हातात नाही अशा त्या कधी दिसल्याच नाहीत. गरगर फिरणाऱ्या चकतीवर काच ठेवून वर थेंब टाकायच्या, की सायीहून पातळ थर बसायचा. जांभळ्या दिव्याखाली तो हिरवा उजळायचा. सुरुंगाच्या दारूची नुसती वाफ लागली तरी तो उजेड मंदावला पाहिजे, म्हणजे लपवलेला बॉम्ब कळेल, असं त्यांचं काम. माझ्याशी गावच्या बोलीतच बोलायच्या. "मावशी, माणूस खोटं बोलंल, काच न्हाय बोलत."

मी इतकी लाजरी, की कुणी चहाचं विचारलं तरी बादलीकडं बघून मान हलवायचे. म्याडम मात्र दिव्यापाशी बोलवायच्या, "बघा, ही नवी." कळायचं काही नाही, पण मी त्यांच्या वरच्या मोठ्या सरांसारखी मान डोलवायचे. एवढ्या जवळ उभं राहायचं म्हणून मला माझ्या फिनेलच्या वासाची लाज वाटायला लागली. शुक्रवार पेठेतून अत्तराची बारकी कुपी आणली आणि रोज पदराला लावू लागले. स्वतःला कोण समजत होते कुणास ठाऊक.

त्याच दिवसांत काच बिघडली. दारू जवळ नसताना सकाळी मंदावायची, दुपारी बरी. मोठे सर म्हणाले, "महिन्याभरात जमलं नाही तर हा विषय बंद." म्याडमनी दिवा बदलला, थर बदलला, डबा खायचं सोडलं. एके सकाळी मी फडकं घेऊन वाकले आणि उजेड गेला. मागं सरले, जरा वेळानं आला. पुन्हा वाकले, पुन्हा गेला. आता पोलीस येणार, हेच पहिलं मनात आलं.

दोन दिवस गप्प राहिले. तिसऱ्या दिवशी म्याडम टेबलावर डोकं टेकून बसलेल्या दिसल्या, तेव्हा बोलले, तेही खिडकीकडं बघत. "म्याडम, काच खरंच बोलतीया. मी अत्तर लावून येते."

त्यांनी माझा पदर काचेजवळ धरला. मंदावली. डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. "म्हंजे बॉम्ब रोज माझंच टेबल पुसतोय व्हय? त्या अत्तरात दारूच्या जातीचंच कायतरी असणार. कुपी द्या मला, पैसे देते."

मग त्या अत्तराला फसणार नाही अशी काच त्यांनी केली. महिना संपायच्या आत जमली. कुपी त्यातच संपली, पैशाचं राहिलं. जिन्यात भेटल्या की म्हणायच्या, "तुमचं साठ रुपय हायेत माझ्याकडं." मी म्हणायचे, "राहू द्या की." मला ते राहिलेलेच बरे वाटायचे.

त्याच काचेवर त्यांना लांब नोकरी लागली. जायच्या दिवशी मला शोधत मागच्या नळापाशी आल्या. "फिटलं बघा, मावशी." दहा तरी राहू द्या म्हणायचं होतं, म्हणजे परत यायला काही कारण उरलं असतं. पण मी बादलीकडं बघून मान हलवली. हातात नोटा होत्या, साठच्या साठ.