देव्हाऱ्यातला चहाचा कप

सागवानाच्या ताज्या भुशाचा वास आला की मला भिसेगावातलं ते सुताराचं दुकान आठवतं. आमचा देव्हारा तिथे बनत होता. मी बघायला गेलो, तर देव ठेवायच्या फळीवर अर्धा प्यायलेला चहाचा कप. देव अजून बसायचे होते, फळीला पॉलिशही नव्हतं, पण माझं डोकं फिरलं. "तुम्हा लोकांना काय कळणार देव," मी म्हणालो. सुताराचा मुलगा, माझ्याच वयाचा, हातातल्या रंध्यासकट ताडकन उठला. "दगडच ठेवणार ना त्यात?" त्यांच्या अल्लाबद्दल एक घाणेरडं वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं. तेवढ्यात म्हातारा सुतार आमच्या मधे येऊन उभा राहिला आणि मुलाला म्हणाला, "माफी माग यांची." "अब्बा, सुरुवात त्यांनी केली." "केली असंल. आपल्याला काय शिकवलंय? दुसऱ्याच्या देवाला वाईट बोलायचं नाय. तू बोललास की हे रागानं अल्लाला बोलतील, आन् त्याला कारण तू होशील. वाद घालायचा तर चांगल्या शब्दांत घाल रं." मग मुलाने सरळ माझ्या डोळ्यांत बघत माफी मागितली, कप उचलला आणि फळी स्वतःच्या बाहीने पुसली. मी नुसती मान हलवली, जणू मोठ्या मनाने सोडून दिलं. आज त्याच फळीवर मी रोज दिवा लावतो. त्या मुलाची माफी मागायची मात्र माझी अजून राहिली आहे.